उघड्या भेगांचे वाफे

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, नोकरीतल्या आठवणी लिहा, पण कुठल्या साली कुठलं पद मिळालं ते नको." मला हायसं वाटलं, कारण ते मलाही नीट आठवत नाही. मला आठवतात ती पोरं, आणि ती ज्या वाफ्यात उभी असायची तो वाफा.

मी परभणीला विद्यापीठात कृषिविद्या शिकवली. कृषिविद्या म्हणजे पीक कसं घ्यावं याचं शास्त्र. केव्हा पेरावं, किती अंतरावर पेरावं, पाणी कधी द्यावं, तण कधी काढावं. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "म्हणजे शेतीच की. ती काय शिकवायची असते?" नात्यातल्या लग्नकार्यांत हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की अलीकडे नुसतं "हो ना" म्हणते आणि जिलेबी वाढून घेते.

आमचं निम्मं शिकवणं वर्गात आणि निम्मं रानात. पोरांच्या प्रत्येक गटाला एक वाफा मिळतो. वाफा म्हणजे बांध घालून, मोजून आखलेला जमिनीचा तुकडा. त्यात पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी करायचं. माझा कायदा एकच होता, बांधावरून चालायचं, वाफ्यात उगाच पाय टाकायचा नाही. मोजलेल्या पिकात पाय पडला की माती दबते, झाड मोडतं आणि मग आकडे खोटं बोलायला लागतात. "बांधावर या" हे मी इतक्या वरच्या पट्टीत ओरडायचे की पोरांनी माझं नाव 'बांधबाई' ठेवलं होतं. हे मला फार उशिरा कळलं आणि खरं सांगायचं तर आवडलं.

पोरांचे नमुने किती सांगावेत! एक गट सगळा शहरातला. त्यांच्या वाट्याला करडईचा वाफा आला. करडईचं पीक काटेरी. माझी पाठ वळताच या मंडळींनी निंदणी केली, अगदी मनापासून केली, आणि काटेरी तण समजून सगळी करडई उपटून बांधावर रचून ठेवली. वाफ्यात उरलं ते लुसलुशीत गवत. "मॅडम, आमचा वाफा सगळ्यांत हिरवा दिसतोय," असं त्यांच्या गटप्रमुखानं मला अभिमानानं सांगितलं. हा गटप्रमुख पुढे तालुक्याचा कृषी अधिकारी झाला. आजही तो भेटला की मी आधी त्याला करडईची खुशाली विचारते.

दुसरा किस्सा हुरड्याचा. ज्वारीच्या प्रयोगात आम्ही प्रत्येक वाफ्यातली काही झाडं निवडतो, त्यांना चिठ्ठ्या बांधतो आणि सगळ्या नोंदी त्याच झाडांच्या घेतो. मुलांच्या वसतिगृहातल्या काही सज्जनांनी एका रविवारी नेमकी तीच कणसं भाजून खाल्ली. कारण काय, तर चिठ्ठी बांधलीय म्हणजे मॅडमनी निवडलेली चांगली कणसं असणार. वर चिठ्ठ्या मात्र जपून ठेवल्या आणि सोमवारी पाकिटात घालून माझ्या टेबलावर आणून दिल्या. मी चिडले होते, पण त्या पाकिटाकडे बघून मला पुढे नीट रागावता येईना.

प्रवेशाचे दिवस ही वेगळीच जत्रा. आता सगळं ऑनलाइन झालं आहे, परीक्षा, गुणवत्ता यादी, फेऱ्या, सगळं. तरी कागदपत्रं तपासायच्या दिवशी अख्खी घरं येतात. आजोबा येतात, मामा येतो, गावातला एखादा जाणता माणूस येतो. "मॅडम, आपल्या लेकराचं बघा जरा," असं म्हणतात. मी सांगायचे, यात बघण्यासारखं काही नाही, सगळं संगणक करतो. त्यावर एक आजोबा शांतपणे म्हणाले होते, "बरं बरं. मग संगणकवाल्या सायबाचं घर कुठं हाय?"

अशाच एका दिवशी मन्मथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं. राणीसावरगावचे, लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, गावात किराणा दुकान आणि जोडीला थोडं रान. लेकीचं नाव गौरी. बाकीचे बाप रांगेत घामाघूम होऊन नोकरी लागेल का, मेस कशी आहे, असं विचारत होते आणि हे गृहस्थ गायब. शोधलं तर आमच्या प्रयोगाच्या रानात बांधावर उकिडवे बसलेले. मातीचं ढेकूळ त्यांनी मुठीत चुरलं, बोटांतून खाली सोडलं आणि मला म्हणाले, "रान चांगलं हाय, मॅडम. इथं टाकतो पोरीला." प्रवेशाचा इतका सरळ निकष मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

गौरी अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. पहिली दोन वर्षं ती वर्गात आहे की नाही हे हजेरी घेतानाच कळायचं. तिची मैत्रीण शबाना, परभणीचीच, पण हट्टानं वसतिगृहात राहणारी, ती मात्र पाच जणींचं एकटी बोलायची. दोघी कायम बरोबर. गौरीच्या वाटचं शबाना बोलते आणि शबानाच्या वाटचं गौरी ऐकते, असं आम्ही शिक्षक चेष्टेनं म्हणायचो.

त्या दोघी तिसऱ्या वर्षाला असतानाची ही गोष्ट आहे. आणि ती समजायला आधी गंगाधरचा प्रयोग समजून घ्यावा लागेल. घाबरू नका, सोपा आहे.

गंगाधर ताडकळसचा, घरचं रान थोडंसं, माझ्या हाताखाली पीएचडी करत होता. आमचं काळं रान हिवाळ्यात वाळायला लागलं की फाटतं. भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. या भेगांतून जमिनीतली ओल उडून जाते, म्हणून शेतकरी ज्वारीत कोळपं फिरवून त्या बुजवतात. त्याचा नेमका किती फायदा होतो, हे गंगाधरला मोजायचं होतं. म्हणून काही वाफ्यांत त्यानं कोळपणी करून भेगा बुजवल्या होत्या आणि काही वाफ्यांत मुद्दाम तशाच उघड्या ठेवल्या होत्या. सगळ्या वाफ्यांना पाणी मात्र एकदाच, तेही पीक पोटरीत असताना. कणीस पानाच्या वेष्टनात फुगलेलं असतं आणि आता बाहेर पडणार असतं, त्या वेळेला पोटरी म्हणतात. ज्वारीचे दिवस भरत आलेले असतात म्हणा ना. तेव्हाचं पाणी चुकलं की पुढे दाणा भरत नाही.

पाणी आमच्या हातात नव्हतं. ते कालव्यानं यायचं आणि पाळीनं यायचं. आपली पाळी आली की घ्यायचं. ती गेली तर पुढच्या पाळीपर्यंत पीक थोडंच थांबणार? गंगाधरचा हा दुसरा आणि शेवटचा हंगाम होता. शिष्यवृत्तीची मुदत याच वर्षी संपत होती.

पाळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना त्याच्या प्रयोगात नेलं होतं, झाडाची उंची कशी मोजायची ते शिकवायला. गंगाधर समजावून सांगत होता, पोरं पट्ट्या घेऊन वाकत होती. गौरीच्या गटाकडे उघड्या भेगांचे तीन वाफे होते. सगळं नीट पार पडलं आणि मी निश्चिंत मनानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता वगैरे आवरून रानात आले तर माझे डोळे फिरले. निम्मा वर्ग ज्वारीत. बांध सोडून, चपला बांधावर टाकून, ओणवे होऊन, काही तर चक्क पोटावर आडवे. मला पहिल्यांदा हुरडाच आठवला. मी लांबूनच ओरडले, "अरे अजून पोटरीत आहे ती, आत्ता काय खाणार आहात? आधी बांधावर या."

कोणी हललं नाही. हे नवीन होतं. मग शबाना एकटी उठून आली. तिच्या ओढणीला माती लागली होती.

"मॅडम, गौरीचं लिंग हरवलंय," ती म्हणाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिंगायत घरात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते माणसाबरोबर आयुष्यभर राहतं. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच जेवायचं. गौरीचं लिंग लहानशा चांदीच्या डबीत असायचं, दोऱ्यानं गळ्यात. दोरा जुना झाला होता. आदल्या दिवशी उंची मोजताना वाकण्या-उठण्यात, पानांच्या ओढाताणीत तो केव्हा तरी तुटला. दुपारी मेसमध्ये ताटावर बसताना तिचा हात गळ्याकडे गेला तेव्हा कळलं. ती भरल्या ताटावरून उठली.

"कालपासून न्हाई जेवली ती. पाणी बी न्हाई घेतलं," शबाना सांगत होती. "दिवस मावळेपर्यंत आमी दोघी अन् गंगाधरसर हुडकत होतो. बांध बघितले, रस्ता बघितला, बुजवलेले वाफे सगळे बघितले. वर कुठंच न्हाई. म्हणजे भेगेतच गेलं, मॅडम."

माझ्या ओठांवर आलं होतं की अगं, दुसरं घ्या ना, त्यात काय एवढं. पण शबानानं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी ते गिळलं. मी विचारलं, "आणि हे बाकीचे?"

"ती जेवली न्हाई म्हणून आमी पण न्हाई जेवलो," ती म्हणाली.

आता मला मेसच्या व्यवस्थापकाचा सकाळचा फोन आठवला. तिसऱ्या वर्षाची पोरं काल संध्याकाळी जेवायलाच आली नाहीत, अशी त्याची तक्रार होती. मी त्याला डाळ जरा घट्ट करायचा सल्ला दिला होता.

गौरी तिसऱ्या वाफ्याच्या कडेला बसली होती. मला पाहून उभी राहिली आणि तोल जाऊन परत बसली. ओठ सुकले होते. "मॅडम, तुमचा प्रयोग खराब होईल म्हणून मी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. एवढ्यातही तिला माझ्या ओरडण्याची भीती होती, याचं मला फार वाईट वाटलं.

पोरांनी आपल्या परीनं अक्कल लढवली होती. शबानानं स्वतःचा मोबाइल एका काठीला बांधला, विजेरी लावली, चित्रण सुरू केलं आणि काठी भेगेत सोडून सगळ्या भेगा आतून पाहायचा घाट घातला. कल्पना वाईट नव्हती. दुसऱ्याच भेगेत दोरी सुटली आणि मोबाइल खाली गेला. तो काढायला म्हणून पोरांनी फावड्यानं माती उकरली. मोबाइल निघाला, पण भेगेच्या दोन्ही कडा ढासळून आत पडल्या. मग मात्र गंगाधरनं फावडं काढून घेतलं. उकरलं की वरची माती खाली जाते आणि जे हुडकायचं तेच बुजतं, हे पोरांना तेव्हा कळलं. खरं तर हे मीच त्यांना वर्गात शिकवलं होतं.

आणि कालव्याचं पाणी आलं होतं. पाटातून वाहत येऊन ते प्रयोगाच्या कडेच्या दंडात, म्हणजे रानातल्या छोट्या चारीत, उभं होतं. फक्त वाफ्याचं दार मोडायचं, म्हणजे बांधाला फावड्यानं तोंड पाडायचं, की आत शिरणार. संध्याकाळी पाळी संपणार होती. पाणी सोडलं तर काळी माती फुगते, भेगा मिटतात. मग ती डबी कुणालाही सापडणार नाही. नाही सोडलं तर गंगाधरचे ते तिन्ही वाफे गेले. एखादा वाफा बिघडला तर हिशेबात काही तरी करून सांभाळून घेता येतं, तीन वाफे गेले की प्रयोगच गेला.

"बाकीच्या वाफ्यांना पाणी देतो, मॅडम," गंगाधर म्हणाला. "हे तीन राहू द्या. तिला हुडकू द्या."

"अरे, आणि तुझं?"

"बघू," तो म्हणाला आणि फावडं घेऊन पलीकडे गेला.

मी प्राध्यापक होते. माझं काम त्याला आडवं येण्याचं होतं. मी आले नाही. एका बाजूला दोन वर्षांची मेहनत आणि एका बाजूला कालपासून पाणी न प्यायलेली पोर, यांत कुठली पट्टी लावून मोजायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी चपला बांधावर काढल्या आणि ओणवी होऊन भेगांत बघू लागले. त्यावर कुणी हसलं नाही.

दुपार कलायच्या आत मन्मथअप्पा आले. राणीसावरगावाहून गंगाखेड आणि गंगाखेडहून परभणी, दोन एसट्या बदलून, हातात जेवणाचं गाठोडं घेऊन. गौरीनं सकाळी घरी फोन केला होता. त्यांनी मला नमस्कार केला आणि थोडं बाजूला घेऊन बोलले.

"मठाच्या महाराजांना विचारलं म्या. महाराज म्हणाले, मुद्दाम टाकलं न्हाई, हरवलं. मठात घेऊन या, नवं बांधू. आज तिला शिवाचं नाव घेऊन जेवू द्या म्हणाले." मग त्यांनी गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "तिच्या आईचं वेगळं हाय. ती म्हणती, हे चांगलं लक्षण न्हाई. शिकणं बास झालं, येताना पोरीचं सामानसुमान बी घेऊन या म्हणली."

"आणि तुम्ही काय म्हणता, अप्पा?"

"म्या काय म्हणणार. पोरीच्या आईच्या जिवाला घोर लागलाय. तिची तब्येत बी नाजूक हाय. न्यावंच लागंल असं दिसायलंय."

म्हणजे डबी सापडली नाही तर पोरगी घरी जाणार, कायमची. हे शबानानं ऐकलं. ती परत जाऊन भेगेवर अशी वाकली की तिला कुणी उठवायला गेलं नाही.

अप्पा लेकीजवळ जाऊन बसले. महाराजांचा निरोप सांगितला. गौरी मान हलवत राहिली.

"जुनं इथं पडलंय अन् नवं कसं घालू, अप्पा? कुठं हाय ते ठावं असताना?"

अप्पांनी आजूबाजूला पाहिलं. दंडात थांबलेलं पाणी पाहिलं, बाकीचे भिजलेले वाफे पाहिले. शेतकरी माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. "हे तीन कोरडे काऊन ठेवले?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते उठून गंगाधरकडे गेले.

"बाबा, पाणी सोड तू. पोटरीतली ज्वारी हाय. आमची फिकर करू नको."

"तिनं म्हटल्याबिगर न्हाई सोडत, अप्पा," गंगाधर म्हणाला.

"आरं, तुझं वर्ष जायलंय."

"जाऊ द्या. तिचं त्याच्याहून मोठं हाय."

अप्पा परत लेकीकडे आले. तिच्यासमोर उकिडवे बसले. "गौरे, ऐक. आपल्यात माणूस गेलं की जाळत न्हाईत. बसवून मातीत देतेत, लिंग तळहातावर ठेवून. लिंगाला मातीचं भ्याव न्हाई. तू कशाला भिती?"

मला वाटलं, झालं, यापुढे कुणी काय बोलणार. पण गौरीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते मेल्यावर, अप्पा. मी तर जिती हाय."

  सगळी पोरं आता बांधावर येऊन उभी राहिली होती, मी न ओरडता.

मग तिनं मला विचारलं. माझ्या आयुष्यात विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांत हा सगळ्यांत अवघड.

"मॅडम, पाणी दिल्यावर ते खाली खाली जात राहील का?"

मला तिला धीर द्यायचा होता, पण खोटं सांगायचं नव्हतं. जे माहीत होतं तेवढंच बोलले. "भेग मिटेल. पण ही काळी माती जागची हलत असते, गौरी. उन्हाळ्यात फाटते, वरची माती भेगेत पडते, पावसात फुगते आणि खालची माती वर ढकलते. तुमच्या रानात दरवर्षी नवे दगड वर येतात ना? तुमचे अप्पा वेचून टाकतात आणि पुढच्या वर्षी परत येतात. तसंच. वरचं खाली जातं, खालचं वर येतं. पण केव्हा येईल ते मी नाही सांगू शकत. मी असेन की नाही, तू असशील की नाही, तेही नाही."

"येतेत दगड," अप्पा हळूच म्हणाले. "माझ्या बापानं वेचलेले म्या वेचले."

गौरीनं मातीचं ढेकूळ मुठीत चुरलं. मग गंगाधरला म्हणाली, "दादा, तुमी काल सांगितलं, पोटरीतलं पाणी चुकलं की दाणा भरत न्हाई."

"हो."

"मग ह्या तीन वाफ्यांत बी न्हाई भरणार."

"न्हाई."

ती उठली. शबानानं तिचा हात धरला, गौरीनं तो हळूच सोडवून घेतला. दंडावर जाऊन त्यातल्या पाण्यानं तोंड-हात धुतले. मधल्या वाफ्याच्या कडेला येऊन मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि डावा तळहात पुढे धरला. तळहात रिकामा होता. उजव्या हाताच्या बोटांनी तिनं त्यावर पाणी वाहिलं, जसं रोज वाहत असेल तसं. अप्पांनी पायांतल्या वहाणा काढल्या. माझा देवाधर्मावर फारसा जीव नाही, मी मातीतली बाई. पण त्या रिकाम्या तळहाताकडे बघताना मीही हात जोडले.

पूजा झाल्यावर ती गंगाधरजवळ गेली आणि हात पुढे केला. त्यानं फावडं दिलं.

"मी मोडते दार," ती म्हणाली.

कालपासूनच्या उपाशी हातांत जोर नव्हता. पहिल्या घावाला बांध नुसता खरवडला. गंगाधर पुढे झाला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला तोंड पडलं आणि पाणी आत शिरलं. कोरड्या काळ्या रानात पहिलं पाणी शिरताना एक आवाज येतो. भेगांतली हवा बुडबुडे करत वर येते आणि रान जणू घोट घेत असतं. हा आवाज मी नोकरीभर ऐकला होता, तेव्हा मात्र कुणाचा तरी श्वास ऐकावा तशी ऐकत उभी राहिले. एकेका भेगेत पाणी उतरत होतं, भरत होतं, पुढे सरकत होतं. गौरी प्रत्येक भेगेपाशी पाण्याबरोबर पुढे जात होती. तिन्ही वाफे भिजेपर्यंत ती बसली नाही.

मग अप्पांनी बांधावरच गाठोडं सोडलं. आईनं धपाटे केले होते, शेंगदाण्याची चटणी, दही. गौरीनं शिवाचं नाव घेतलं, धपाट्याचा तुकडा मोडला आणि गंगाधरपुढे धरला. "दादा, तुमी बी कालपासून काही खाल्लं न्हाई." त्यानं मान खाली घालून घेतला. मग तिनं शबानाला दिला, मग स्वतः खाल्ला. एका आईचा डबा अर्ध्या वर्गाला किती पुरणार? तुकडा तुकडा आला एकेकाच्या वाट्याला, पण हात सगळ्यांनी पुढे केले. माझ्याही हातावर अप्पांनी तुकडा ठेवला. त्या बांधावर सकाळी पोटभर खाऊन आलेली मी एकटी होते. नाही म्हणायला हवं होतं, पण म्हणवेना.

खाणं झालं. ऊन उतरलं होतं. गंगाखेडची एसटी गाठायची होती. आता राहिलेली गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी तिचं नाव काढत नव्हतं. शेवटी शबानाच बोलली. तिला बोलल्याशिवाय राहवत नाही हे तिचं दुखणं, आणि त्या दिवशी तेच उपयोगी पडलं.

"अप्पा, गौरीचं सामान बांधू का?" तिनं विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

अप्पा वहाणा घालत होते. ओल्या वाफ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. भेगांच्या जागी आता नुसत्या काळ्या रेषा उरल्या होत्या आणि ज्वारीची पानं हलत होती.

"सामान कशाला, बाई," ते म्हणाले. "तिचं लिंग इथं हाय. तिच्या आईला तसंच सांगतो म्या. आता ही दुसरीकडं कुठं जाती?"

बापलेक संध्याकाळच्या गाडीनं नवं लिंग बांधून घ्यायला मठाकडे गेले. गौरीची पेटी, गादी आणि पुस्तकं खोलीतच राहिली, आणि शबानानं त्या दिवशी मैत्रिणीच्या पलंगावरची चादर, ती येईपर्यंत वाळावी म्हणून, काढून धुवायला टाकली.